पेटी रिकामी राहायचे दिवस

सत्यशीला पेटीच्या आत बसली होती. आठ फूट लांब, चार फूट रुंद आणि कमरेइतकी उंच अशी ती प्लायवूडची पेटी. बाहेर उभं राहून कितीही वाकलं तरी पलीकडचा कोपरा हाताला लागत नाही. म्हणून पिल्लांचा दर लॉट विकून गेला की साडी खोचून, तोंडाला नवऱ्याचा जुना गमजा बांधून आत उतरायचं आणि बसल्या बसल्या मागे सरकत खुरप्याने तळ खरवडायचा. तीन आठवड्यांची गादी होती ती. खाली लाकडाचा भुसा, त्यावर पिल्लांची घाण, सांडलेला मक्याचा भरडा, आणि पाण्याच्या भांड्यांभोवती ओल धरून भाकरीच्या करपलेल्या पापुद्र्यासारखी चिकटलेली खपली. खुरपं लागलं की असा वास उठायचा की डोळ्यांना धारा लागायच्या. डोळे पुसावेत तर हात कुठे स्वच्छ होते. ती खांद्याला डोळे घासायची आणि पुढचा पट्टा धरायची.

उंबऱ्यात तिची सासू केशरबाई मिश्री लावत बसली होती.

"पल्याडचा कोपरा राहिला बघ."

"तुमाला हितून दिसतंय व्हय, आत्या? काल चहात साखर दिसली न्हाई म्हनून दोनदा घातलीत."

"साखर न्हाई दिसत," केशरबाई म्हणाली आणि अंगणात थुंकली. "घाण दिसती."

सत्यशीला गमज्याच्या आत हसली. आज तिला हसायला येत होतं. सोमवारी शेवटची पिल्लं विकली गेली होती. आज बुधवार. आज गादी काढायची, सोड्याच्या गरम पाण्याने पेटी घासायची, दुपारच्या उन्हाने ती वाळली की चुन्याचा हात द्यायचा, आणि मग चौदा दिवस पेटीला कोणी शिवायचं नाही. मागच्या लॉटची रोगराई पुढच्या लॉटला लागू नये म्हणून हा रिकामा काळ ठेवावाच लागतो. बचत गटाच्या प्रशिक्षणात बाईंनी हे तीनदा सांगितलं होतं आणि घरातल्या माणसांना पटलेली प्रशिक्षणातली ही एकच गोष्ट होती, कारण पहिल्याच वर्षी ती न पाळता अख्खा लॉट मानमोडीच्या रोगाने गेला होता.

हे चौदा दिवस सोडले तर सत्यशीला घराबाहेर पडत नसे. पडता येतच नसे. एक दिवसाची पिल्लं आणायची, एकवीस दिवस पिवळ्या दिव्यांच्या उबेत जगवायची, अंगावर पिसं फुटली की गावोगावच्या बायकांना परसात पाळायला विकायची, असा हा धंदा. कोंबडी असती तर तिने पिल्लं पंखाखाली घेतली असती. इथे कोंबडी नाही, म्हणून सत्यशीला. लाइट गेली की शेगडी पेटव. पाणी गार झालं की बदल. मांजर हाकल. दर दोन तासांनी डोकाव. बाजार, लग्न, बारसं, दहावा, सगळ्याला जाऊ जायची, नवरा जायचा. 'पिल्लं हायेत' म्हटलं की पाहुणेही पुढे विचारायचे नाहीत.

कडा गावापासून तीन किलोमीटर आत त्यांची वस्ती. भिंतीवर निळ्या अक्षरांत 'रामकिसन पोल्ट्री' असं रंगवलेलं, खाली नवऱ्याचा मोबाइल नंबर. पण फोन करणाऱ्या बाया म्हणायच्या, "बाईला द्या." सत्यशीलाच्या हाताचं पिल्लू मरत नाही, अशी पाच-सहा गावांत ख्याती होती. सुरुवातीला तिला ते ऐकून बरं वाटायचं. कलीम मिस्त्रीने पेटी करून आणली त्या दिवशी तो म्हणाला होता, "भाभी, इसमें तो माणूस झोपंल." तेव्हा ती खूप हसली होती.

पेटीचं काम तिच्याकडेच का, याला घरात एक कारण होतं. केशरबाईच्या मते पापड, लोणचं आणि एक दिवसाचं पिल्लू या तीन गोष्टींना विटाळ सोसत नाही. नुसती सावली पडली तरी नासतात. धाकटी जाऊ अयोध्या तिशीतली. तिला महिन्याचे महिन्याला बाहेर बसावं लागायचं. सत्यशीलाला नाही. ती सव्वीस वर्षांची असताना तिची पिशवी काढली होती. तेव्हा ती आणि रामकिसन ऊसतोडीला जायचे. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, खाड्याचा दंड बसतो. पोट दुखतं म्हणून तालुक्याच्या एका दवाखान्यात गेली, तिथे डॉक्टरने काढून टाका म्हटलं. मुकादम म्हणाला, बरं होईल, अडचण राहणार नाही. अड्ड्यावरच्या दहातल्या सहा बायकांचं तेच झालेलं होतं, त्यामुळे तिला कोणी काही विचारलं नाही आणि तिनेही कोणाला काही विचारलं नाही. एकुलती मुलगी सायली तेव्हा सहा वर्षांची होती. दोन महिन्यांनी सत्यशीला पुन्हा फडात मोळ्या उचलत होती. पुढे रामकिसनचा पाय बैलगाडीखाली आला, ऊसतोड सुटली, आणि कंबरदुखी तेवढी तिच्याबरोबर घरी आली.

"हिला काय अडचण न्हाई," केशरबाई आल्यागेल्याला कौतुकाने सांगायची. सत्यशीलाला दर वेळी मुकादमाचा आवाज ऐकू यायचा. पण ती बोलायची नाही. न बोलण्याचं आणखी एक कारण होतं, ते तिचं तिलाच माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात एका सकाळी पेटीत तीसएक पिल्लं मरून पडली होती. पहाटे तिचा डोळा लागला होता. पाण्याचं भांडं कलंडलं, गादी भिजली, पिल्लं गारठली. सरळ हिशेब होता. पण रामकिसन दारात उभा राहून ओरडायला लागला तेव्हा तिच्या तोंडून निघून गेलं, "अयोध्या काल खोलीत डोकावलीवती. तिचा तिसरा दिवस हुता." ते वाक्य तिने एकदाच म्हटलं. परत म्हणायची गरजच पडली नाही. त्या दिवसापासून अयोध्येला या खोलीचा उंबरा बंद झाला, चार दिवसच नव्हे, बाराही महिने. 'कवा येईल सांगता येत न्हाई,' केशरबाई म्हणाली. अयोध्या रडली नाही, भांडलीही नाही. ती नुसती एकदा सत्यशीलाकडे बघून चुलीकडे गेली. तेव्हापासून पेटीत हात घालू शकेल अशी एकच बाई घरात उरली.

दहा वाजता पेटी घासून झाली. सत्यशीला बाहेर आली, कंबर धरून ताठ झाली आणि हात धुऊन आधी फोन घेतला. सायलीचे दोन फोन येऊन गेले होते.

"आई, उद्या निघतीस ना नक्की?"

"आज चुना मारते. उद्या सकाळच्या गाडीनं निघते. दुखतंय का?"

"कंबर धरलीय. डॉक्टरीण म्हणली अठरा तारखेच्या आत काही न्हाई."

"डॉक्टरनीचं ऐकू नको. पोरीचं पोट असंल तर आधी येतं." असं काही नसतं हे दोघींनाही माहीत होतं. सायली हसली.

बीडजवळच्या पालीत सायलीचं सासर. जावई गॅरेजात कामाला. सासू लग्नाआधीच वारलेली, घरात नवरा आणि सासरा, बाईमाणूस कोणी नाही. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरीच व्हायचं. पण केशरबाईने पाचव्या महिन्यातच सांगून टाकलं होतं, बाळंतीण आणि पिल्लं एका छताखाली चालायची नाहीत. वारा न लागणारी खोली घरात एकच, ती पेटीची. रामकिसन म्हणाला, "म्हातारी म्हणती तर कशाला वाकडं." तेव्हा सत्यशीलाने सायलीला फोनवर शब्द दिला होता. तू येऊ नको, मी येते. पेटी रिकामी राहायचे सगळे दिवस तुझ्याजवळ काढीन.

तो शब्द पाळायला तिने काय काय केलं होतं. तारखा जुळेनात म्हणून दिवाळीनंतरचा लॉट तिने आठ दिवस पुढे ढकलला. कारण सांगितलं, पिवळे बल्ब मिळत नाहीत. हे खरंही वाटण्यासारखं होतं, कारण आता दुकानात सगळीकडे पांढरे बल्ब. ते उजेड देतात, ऊब देत नाहीत. जुने बल्ब कलीम मिस्त्री नगरहून आणून द्यायचा. "कलीमभाई, आठ दिवस आणू नका," असं तिने स्वतःच त्याला सांगून ठेवलं होतं. त्याने का म्हणून विचारलं नाही. शेवटच्या लॉटची पिल्लं तिने दोन दिवस आधीच खपवली. आणि आता पिशवी भरून खुंटीला टांगली होती. डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, खारीक, जुन्या सुती लुगड्याची फाडलेली, उकळून वाळवलेली दुपटी.

दुपारी चुना मारला. चुन्यात थोडं मोरचूद टाकलं होतं, त्यामुळे पेटी आतून फिकी निळी दिसत होती. ती कुंचा धूत होती तेवढ्यात अंगणात टेम्पो वळला. मागे रामकिसन उभा होता. हातात भोकं पाडलेले दोन पुठ्ठ्याचे खोके.

सत्यशीलाला खोके बघायची गरज नव्हती. चिवचिव कानावर आली होती.

"हे काय आणलं?"

"दुसऱ्याचा लॉट हुता. त्याच्या घरी मयत झाली, त्यो घेईना. गाडीवाला म्हणला, तू घे. अर्ध्यात पडली." तो खूश होता. "एका दिवसाची हायेत. बघ, कशी टणटणीत."

"पेटीला चुना ओला हाय."

"वाळंल की."

"वाळंल म्हणजे? पाय भाजतेत त्यांचे. डोळं जातेत."

"मंग तू कशाला हायेस?"

हे तो चिडून म्हणाला नाही. त्याला खरोखरच असं वाटत होतं.

"मी उद्या पालीला निघाले," सत्यशीला म्हणाली. "चार महिन्यांपासनं सांगितलंय."

"जा की. न्हाई कोण म्हणतंय? चार-पाच दिवसांनी जा. पिल्लं जरा पायावर हुबी राहू दे. डॉक्टरनी अठरा तारीख दिली ना?"

"बाई काय कॅलेंडर बघून बाळंत हुती का?"

"आमच्या टायमाला तर ते बी नव्हतं," केशरबाई उंबऱ्यातून म्हणाली. "तुझ्या नवऱ्याला मी फडात जन्म दिला. कोण हुतं उशाशी? उसाचं पाचट."

"म्हनूनच असं झालं," सत्यशीला म्हणाली.

अयोध्या त्या दिवशी बाहेरची होती. ती गोठ्याच्या भिंतीशी पोतं टाकून बसली होती. तिला हसू आलं, ते तिने तोंड फिरवून लपवलं.

खोक्यांतली पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत होती. पुठ्ठ्याच्या भोकातून एक चोच बाहेर आली, आत गेली. दिवसभर प्रवास झालेला, तहानलेली. सत्यशीलाने दोन मिनिटं काहीच केलं नाही. मग ती उठली आणि शेगडी पेटवायला गेली. आपण का उठलो, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत तिने पेटीत निखाऱ्याची शेगडी ठेवून चुना सुकवला. तळाशी रिकामी पोती पसरली, त्यावर नवा भुसा, त्यावर वर्तमानपत्रं. दिवे बांधले. गुळाचं कोमट पाणी केलं आणि एकेका पिल्लाची चोच त्यात बुडवून त्याला पेटीत सोडलं. दोनशे वेळा. पलीकडच्या एका कोपऱ्यात चुना अजून दमट होता, तिथे तिने पत्रा आडवा लावला. हे सगळं करताना तिने रामकिसनला समोर बसवून घेतलं होतं.

"ऐका नीट. मी जाणार म्हणजे जाणार. तुमी बघायचं."

"सांग की."

"दिव्याखाली धापा टाकाया लागली, तोंडं उघडली, तर दिवे जरा वर घ्यायचे. पण पसरून बसली पायजेत. चादरीवर तीळ सांडल्यागत. कळलं का? गोळा होऊ द्यायची न्हाईत."

"हां हां." तो मोबाइलवर काहीतरी बघत होता.

"काय म्हणले मी?"

"दिवे वर घ्यायचे."

सकाळी सात वाजता फोन आला. सायलीचा नव्हता. पालीला शेजारी राहणारी रहिमाबी होती, नवऱ्याबरोबर फळांचा गाडा लावणारी.

"शीलाबाई, पोरीला कळा सुरू झाल्यात. पानी गेलं. मैं लेके जा रही हूँ बीड को. तुमी निघा."

मागून सायलीचा आवाज आला. "आई, निघ."

सत्यशीलाने शेवटचं पेटीत पाहिलं. पिल्लं पसरलेली होती, भरडा टिपत होती. दिवे बरोबर. ऊब बरोबर. तिने पिशवी घेतली. रामकिसनने मोटारसायकलवरून तिला कड्याच्या स्टँडवर सोडलं.  नगरहून येणारी बीडची गाडी साडेआठला लागली. चढताना सत्यशीलाचे पाय हलके झाले होते. अर्धं तिकीट काढलं, खिडकीशी बसली, पिशवी मांडीवर घेतली. लाडवांचा तुपाचा वास कापडातून येत होता. आष्टी गेलं. पौषातली थंडी खिडकीच्या फटीतून येत होती. तिने पदर कानावरून घेतला. किती वर्षांनी ती एकटी गाडीत बसली होती, हे तिला आठवेना. ती आठवत राहिली. वाटेतली ज्वारी कशी हुरड्यावर आली आहे, ते बघत राहिली.

जामखेड यायच्या आत फोन वाजला. रामकिसन.

"पोचलीस का कुठवर? इकडची काळजी करू नको. मी घरी जाऊन सगळं बघून आलो. दिवे हाताला चटका देत हुते, वर बांधले. पिल्लं लई गुणी हायेत. सगळी एका कोपऱ्यात गोळा होऊन गप झोपलीत. चूं न्हाई की चां न्हाई."

सत्यशीला ताठ बसली.

"एका कोपऱ्यात?"

"हां. एकावर एक. मऊ गादी केलीय जणू."

"आवं, ती झोपली न्हाईत! गारठलीत ती. ऊब शोधत एकमेकांखाली शिरतेत. खालची गुदमरून मरतेत. दिवे खाली घ्या आधी, हातानं विस्कटा त्यांना, आत्ता!"

"आता मी कड्यात आलोय. भरडा घ्यायचा हुता. जातो की अर्ध्या तासात."

"अर्धा तास न्हाई. आत्ता जा."

"चहा तरी पिऊ दे, बाई. तू बी ना..."

तिने फोन कापला आणि केशरबाईला लावला. वाजत राहिला. केशरबाईला फोन उचलता येत होता, पण तो उशीखाली असला की ऐकू यायचा नाही. शिवाय तिने उचलला असता तरी काय? डोळ्यांत मोतीबिंदू, पेटीवर वाकली तर पेटीतच जायची. सत्यशीलाने अयोध्येला लावला.

"अयोध्ये, खोलीत जा. दिवे खाली वढ. पेटीत हात घाल आन् कोपऱ्यातला ढीग मोकळा कर. लवकर."



"ताई, मी बाहेरची हाय."

"असू दे. काय होत न्हाई त्यानं. मी सांगते ना."

"आत्या उंबऱ्यातच बसल्यात."

"त्यांना म्हणावं, मी सांगितलंय."

"काय म्हणू ताई?" अयोध्येचा आवाज खाली होता, त्यात कुठलाही टोमणा नव्हता. "की काय होत न्हाई म्हणून? मागं झालं तवा तुमीच म्हणलावता, झालं म्हणून. आता त्या माझं ऐकत्याल का? उद्या एक जरी मेलं तरी ते माझ्यामुळंच."

 खिडकीबाहेर एक बाई डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन बांधावरून चालली होती. ती मागे गेली. गाडी पुढे. आत्ता, या क्षणी, त्या निळसर पेटीच्या कोपऱ्यात पिल्लं ढिगाखाली दबत असतील. सगळ्यात खाली असतील ती सगळ्यात आधी कोपऱ्यात पोचलेली, म्हणजे सगळ्यात ताकदीची. वरच्यांना खालच्यांचा पत्ता नसतो. बीड दोन तासांवर होतं. घर एका तासावर.

ती उभी राहिली. उभी राहिल्यावरच तिला कळलं की आपण उभ्या राहिलो आहोत.

"गाडी थांबवा."

कंडक्टर तरुण मुलगी होती, केसांना लाल रबर, हातात तिकिटाचं यंत्र. "मावशी, बीडचं तिकीट हाय ना तुमचं? इथं कावून उतरताय? इथं नुसता फाटा हाय, काय बी न्हाई."

"राहिलं घरी."

"काय राहिलं? फोन करा, कुणी तरी करंल."

"न्हाई ना करत कुणी," सत्यशीला म्हणाली. ती दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरून पायऱ्या उतरली. खाली उतरून पाहते तर रस्त्याच्या त्या बाजूला झाड नाही, टपरी नाही. ती रस्ता ओलांडून उलट्या दिशेला तोंड करून उभी राहिली. बीडची गाडी धुरळा उडवत चढावर दिसेनाशी झाली. काही मिनिटं तिने सायलीला फोन करायचा विचार केला. मग एक जीप आली आणि तिने हात केला.

कड्याच्या स्टँडवर रामकिसन मोटारसायकलवर बसून होता. तिला बघून त्याने कपाळाला हात लावला.

"उतरलीस कशाला? मी निघालोच हुतो."

ती मागे बसली.

ढीग तसाच होता. वरून खरंच गादीसारखा दिसत होता, पिवळी मऊ गादी, जरा जरा हलणारी. सत्यशीला चपलेसकट पेटीत उतरली आणि दोन्ही हात कोपरापर्यंत त्यात घालून तिने तो मोकळा केला. वरची पिल्लं धडपडत पळाली. मधली ओली होती, डोळे मिटलेली. तळाची चपटी झाली होती, अजून कोमट. तिने दिवे खाली ओढले. मेलेली बाजूला काढून टोपलीत टाकली. ओली होती ती ओच्यात घेऊन दिव्याखाली फडक्याने पुसत बसली. एकेकाची चोच उघडून गुळाचं पाणी थेंब थेंब सोडत राहिली. काहींनी मान टाकली. बरीचशी धरली.

"निखारे पायजेत," ती मोठ्याने म्हणाली.

थोड्या वेळाने खोलीच्या दाराशी काहीतरी टेकल्याचा आवाज झाला. अयोध्येने निखाऱ्याने भरलेली शेगडी उंबऱ्याच्या बाहेर ठेवली होती आणि ती चार पावलं मागे सरकून उभी होती. केशरबाईने अयोध्येकडे पाहिलं, शेगडीकडे पाहिलं आणि रामकिसनला म्हणाली, "आत घे ती. तू घे." तो लंगडत आला आणि शेगडी आत घेतली.

"बरं झालं बाई आलीस," केशरबाई म्हणाली. "एवढ्या चाळीसएकावर निभावलं. न्हाईतर समदीच गेलीवती."

सत्यशीला पुढचं ओलं पिल्लू पुसत राहिली. तिची पाठ आणि मांड्या आखडल्या होत्या. साडीला, हातांना, केसांना निळसर चुना लागला होता. उन्हाची तिरीप खिडकीतून सरकत पेटीच्या काठावर आली. दोन वाजून गेले असावेत.

फोन वाजला तेव्हा तिच्या दोन्ही हातांत पिल्लं होती. तिने मान वाकडी करून फोन खांद्याने कानाशी दाबला.

"शीलाबाई, बेटी हुई." रहिमाबी ओरडूनच बोलत होती. "अच्छी है, तगडी है. अडीच किलोच्या वर. रुको, सायलीला देते."

सत्यशीलाच्या तोंडून हुंकारासारखं काही निघालं. मग सायली आली. आवाज घोगरा, दमलेला, पण आत हसू.

"आई, तुझ्यावर गेलीय म्हणतायत मावशी. तू कुठवर आलीस?"

सत्यशीलाने समोर पाहिलं. पेटीतली पिल्लं आता पसरली होती. ऊब लागली होती त्यांना.

"गाडी मधी बिघडली. आत्ता जामखेड सोडलं," ती म्हणाली.

 दूर कुठेतरी बाळ रडत होतं. इकडे ऊब मिळालेल्या, पोट भरलेल्या दीडशे पिल्लांनी एकदम चिवचिवाट सुरू केला होता, आणि फोन सत्यशीलाच्या कानाशी होता, पेटीच्या वर.

"नवा लॉट आणला का पप्पांनी?" सायलीने विचारलं.

सत्यशीलाने हातातलं पिल्लू खाली ठेवलं.

"हं."

"कधी?"

"काल. मी निघालेवते, सायली. आष्टीच्या पुढं गेलतेसुद्धा. ती एका कोपऱ्यात..."

"असू दे," सायली म्हणाली. तिचा आवाज चिडलेला नव्हता. त्याच घरात वाढलेली ती. तिला पेटी माहीत होती, आजीचा उंबरा माहीत होता.  मग सायली म्हणाली, "पानी कोमट दे त्यांना. आज लई गार पडलंय."

फोन बंद झाला.

रामकिसन दारात उभा होता. "काय झालं? पोरगी झाली ना? काय म्हणली ती?"

सत्यशीला पाण्याच्या भांड्यात बोट बुडवून बघत होती.

"पाणी कोमट द्या म्हणली," ती म्हणाली.